खुर्चीत मी होते

रविवार, बारा फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याऐंशी. संध्याकाळचे साडेसात.

मंडळी, शोकसभेत अशी वेळ सांगितली की ती मृत्यूची असणार असं आपण धरून चालतो. ही ती वेळ नाही. नामदेव दिघोरे सर गेले ते त्याच्या आधीच्या बुधवारी, पहाटे, माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत. त्यांचं हृदय थांबलं. त्याबद्दल जाब विचारावा असा कुणी माणूस नाही. रविवारी साडेसातला जे झालं, ते मात्र माणसांनी केलं. त्याबद्दल ज्यांना विचारता येईल अशी दोन माणसं आज या सभागृहात बसलेली आहेत.

मुख्याध्यापकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मला जास्त लागतील. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की, जिथे कुणी गेलेलं असेल तिथे हळू बोलावं. पण मागे दाराशी सरांच्या गावच्या बायका उभ्या आहेत. त्यांना ऐकू गेलं पाहिजे. म्हणून मी मोठ्यानं बोलणार आहे.

तुमच्यापैकी जे बाहेरगावाहून आले आहेत त्यांच्यासाठी सांगते. दिघोरे सर या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. पवनीकडच्या एका तलावाकाठच्या गावचे, ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्याच्या, घरातले. त्या घरातला पहिला पदवीधर. बारा वर्षं ते माझे भाडेकरू होते. मी एकटी राहते आणि माझं कुणाशी पटत नाही, हे सगळ्या भंडाऱ्याला माहीत आहे. सरांशी पटायचं. कारण ते माझ्याशी वाद घालायचे आणि वाद संपला की वेणूच्या हातचा चहा पाठवायचे. वेणू म्हणजे त्यांची पत्नी, ही इथे पुढे बसली आहे, शेजारी सरांचे वडील सोमाजी.

आता त्या तलावाचं. आणीबाणीच्या काळात सरांच्या गावच्या तलावाचा मासेमारीचा ठेका गावच्या ढिवरांकडून काढला आणि एका संस्थेला दिला. संस्था कुणाची होती हे मी सांगायला नको. तेव्हाचे मंत्री भय्यासाहेब इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यांच्या मेहुण्याची. एका रात्री पाळीवरच्या, तलावाच्या बांधावरच्या, झोपड्या उठवल्या. ज्यांनी विरोध केला त्यांना चौकीत नेऊन बसवलं. पुढे सरकार बदललं, चौकशी झाली, भय्यासाहेबांचं मंत्रिपद गेलं. तलाव मात्र परत मिळाला नाही. गावाचा अर्ज अजून कचेरीत पडून आहे, आणि लोक नदीवर जाळी टाकून पोट भरत आहेत.

बसा, भय्यासाहेब. तुम्ही बोललात तेव्हा मी मध्ये बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी टीव्हीवाले आले. खुर्ची गेलेल्या पुढाऱ्यांच्या मुलाखती करायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. भय्यासाहेबांनी अट घातली की शहरातला कुणी पत्रकार नको, माझ्या जिल्ह्यातला साधा मास्तर विचारील तर मी बोलीन. आणि नाव दिलं दिघोरे सरांचं. का? कारण सर बी. ए. झाले तेव्हा भय्यासाहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला होता. त्यांना वाटलं, आपला पोरगा आहे. आपला पोरगा काय विचारणार?

सरांनी मला विचारलं होतं, जाऊ की नको. मी म्हटलं, नका जाऊ. ते म्हणाले, बाई, सहा वर्षं आमच्या गावाला या माणसासमोर बसून एक प्रश्न विचारायचाय. आता तो स्वतःच खुर्ची पुढे सरकवतोय, तर मी उभा राहू का?

सरकारी विश्रामगृह मिळालं नाही, कारण पडलेल्या मंत्र्याला तिथे बसवायची कुणाची तयारी नव्हती. भय्यासाहेबांचा बंगला टीव्हीवाल्यांना नको होता. सरांच्या मागच्या खोल्यांना लागून भाताची गिरणी आहे, ती दिवसभर घरघरते. शेवटी माझी पुढची खोली ठरली. मी माझ्या वेताच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. त्यांनी मोठमोठे दिवे लावले, पंखा आवाज करतो म्हणून बंद केला, खिडक्यांवर माझ्या चादरी टांगल्या. माझ्याच घरात मला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि श्वाससुद्धा हळू घ्या म्हणून सांगितलं.

मंडळी, त्यांच्याकडे कॅमेरा एकच होता. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. एकच कॅमेरा, आणि तो पूर्ण वेळ भय्यासाहेबांच्या तोंडाकडे. सर बोलत तेव्हा त्यांची फक्त पाठ आणि आवाज. त्यांचा चेहरा कुणी टिपत नव्हतं.

मुलाखत सुरू झाली. भय्यासाहेब बोलायला चांगले आहेत, हे मी नाकारत नाही. रस्ते सांगितले, शाळा सांगितल्या. मग सरांनी तलावाचं काढलं. भय्यासाहेब हसले आणि म्हणाले, "गावानं राजीखुशीनं तलाव दिला. लोक हार घेऊन आले माझ्या बंगल्यावर. तुमचे वडीलही होते ना त्यात, मास्तर."

सर काय म्हणाले, ते मी थोड्या वेळानं सांगते. एवढंच सांगते की त्यांनी मान हलवली नाही. त्यांनी एक प्रश्न विचारला. आणि त्या प्रश्नानंतर माझ्या खोलीत कुणीच काही बोललं नाही. दिवे तापून कुरकुरत होते तेवढा आवाज. भय्यासाहेबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, परत काढली. मग ते म्हणाले, पाणी मिळेल का. मी पाणी दिलं. ते प्यायले, नमस्कार केला आणि गाडीत बसून गेले.

टीव्हीचे निर्माते, तरुण गृहस्थ होते, त्यांनी सरांचा हात धरला. म्हणाले, सर, ती शांतता म्हणजेच आपला कार्यक्रम आहे. मी माझ्या कानांनी ऐकलंय.

मग त्यांनी कॅमेरा उचलला आणि उलटा फिरवला. म्हणाले, आता सर, तुमचा चेहरा घेतो. तुम्ही ऐकताय, विचार करताय, मान हलवताय, असं थोडंसं. नंतर मध्ये मध्ये जोडायला लागतं. ही त्यांची कामाची पद्धत आहे, मंडळी. जगभर असंच करतात म्हणे. मुलाखत देणारा निघून जातो आणि मुलाखत घेणारा रिकाम्या खुर्चीकडे बघून माना हलवतो. तुम्हाला माहीत होतं का? मला नव्हतं. सरांनाही नव्हतं. या गावात ते कुणाला माहीत असणार? आपल्याकडे माणूस मान हलवतो तो समोरच्याचं पटलं म्हणून.

सरांना ते जमेना. समोर रिकामी खुर्ची, तिच्याकडे बघून कशी मान हलवायची? त्यांना हसू यायला लागलं. शेवटी निर्माते माझ्याकडे वळले. म्हणाले, मॅडम, तुम्ही बसता का जरा त्या खुर्चीत? सरांना बघायला कुणीतरी हवं. तुम्ही दिसणार नाही, तुमचा आवाजही घेणार नाही. काहीही बोला.

तर मी बसले. भय्यासाहेब उठून गेले त्या खुर्चीत मी बसले. आणि काहीही बोला म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे होतं ते मी बोलले. मी सरांना सांगितलं की छपराच्या कवेलूंत उंदीर झालेत. रात्री कवेलू सरकवतात, माती खाली पडते, काल माझ्या दुधात पडली. औषध घालणार होते, पण तुमची धाकटी अजून रांगते, तिच्या हाताला लागलं तर काय करायचं? सरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, मांजर आणते, वेणूला आवडत नाही, पण तिची समजूत तुम्ही काढा. त्यांनी पुन्हा मान हलवली, सावकाश, दोनदा. निर्माते म्हणाले, वा, छान, झालं.

मंडळी, तुम्ही टीव्हीवर पाहिलीत ती मान माझ्या उंदरांसाठी होती.

हसा. मलाही तेव्हा हसू आलं होतं. आम्ही दोघं त्या दिवशी संध्याकाळभर हसलो.

मग कार्यक्रम लागला. माझ्याकडे टीव्ही आहे, अर्धी गल्ली माझ्या घरी होती. सरांच्या गावात ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टीव्ही ठेवला होता, तिथे सगळं गाव. आपल्या गावचा माणूस भय्यासाहेबांना प्रश्न विचारणार म्हणून बायका लवकर स्वयंपाक आटोपून आल्या होत्या. भय्यासाहेब म्हणाले, गावानं राजीखुशीनं तलाव दिला. लोक हार घेऊन आले. तुमचे वडीलही होते त्यात. आणि लगेच पडद्यावर आला सरांचा चेहरा. गंभीर. आणि मान हलली. सावकाश. दोनदा.

प्रश्न नाही. शांतता नाही. रुमाल नाही. थेट भय्यासाहेबांचा नमस्कार.

मी माझ्या खोलीत ओरडले, अहो, समोर तर मी आहे. कुणाला कळेना मी काय म्हणतेय. सर माझ्या बाजूला बसले होते. त्यांनी चष्मा काढला आणि हातात धरून बसले.

पुढच्या रविवारी ते गावी गेले. मी सोबत गेले. का गेले? कारण मी साक्षीदार होते. एस.टी.तून उतरलो तेव्हा पारावर माणसं होती, ती उठून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. घरी त्यांचे वडील सोमाजी जाळं विणत बसले होते. त्यांनी मला पाट दिला, चहा दिला, सगळं रीतीनं केलं. मग सरांना म्हणाले, "मुंडी काहून हालवली बाप्पा?"

सरांनी सांगितलं. कॅमेरा एक होता, साहेब गेले होते, समोर बाई होत्या. प्रश्नाचं सांगायच्या आतच सोमाजी म्हणाले, "मी आपल्या डोऱ्यानं पायलो ना."

मी सांगितलं. तर मला म्हणाले, "बाई, तुमी घरमालकीन. तुमी तं त्याच्याच बाजूनं बोलान."

मी तीस वर्षं मुलींना व्याकरण शिकवलं, निबंधात मुद्दा कसा सिद्ध करायचा ते शिकवलं. एका म्हाताऱ्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आहे, हे मला सिद्ध करता आलं नाही.

त्या गावची एक रीत आहे. मासे निघाले की काठावर वाटे घालतात, घरागणिक एक. गावाबाहेर नोकरीला गेलेल्याचाही वाटा घालतात. त्याचा भाऊ तो उचलतो, गाठ पडेल तेव्हा सांगतो की तुझा वाटा आम्ही खाल्ला. त्यात मासे किती हा प्रश्न नसतो. वाटा घातला म्हणजे तू आमचा, एवढंच. तलाव गेला तरी नदीकाठी हे चालू होतं. कार्यक्रमानंतर सरांचा वाटा घालणं बंद झालं. कुणी तसं ठरवलं नाही, सभा घेतली नाही. एके दिवशी घातला नाही, मग घातलाच नाही.

कचेरीत अर्जाचं विचारायला गावची माणसं गेली, तर तिथले साहेब म्हणाले, तुमच्याच मास्तरानं टीव्हीवर कबूल केलंय, आता काय राहिलं? ते सोमाजींच्या घरी येऊन सांगितलं गेलं. सरांपर्यंत पोचलं.

आणि ही शाळा. मुख्याध्यापक महाशय, तुम्ही मघाशी सांगितलंत की मुलं त्यांच्यावर जीव टाकत. टाकत असतील. पण सर वर्गात शिरले की सगळा वर्ग एकदम मान हलवायचा. चाळीस मुंड्या, सावकाश, दोनदा. हे तुम्हाला माहीत होतं. शिक्षकांच्या खोलीतही चालायचं. काय दिघोरे, चहा घेणार? आणि सगळे मान हलवणार. तुम्ही गंमत म्हणून केलंत. मी समजू शकते. मी स्वतः फार कडू गंमत करणारी बाई आहे. पण एक गंमत रोज, दोन वर्षं?

वेणूनं मला सांगितलं आणि मग मीही पाहायला लागले. सरांनी मान हलवणं सोडलं होतं. पूर्णपणे. जेवायला वाढू का म्हटलं तर तोंडानं "हो" म्हणायचे, मान ताठ. दुकानदारानं साखर देऊ का म्हटलं तरी "हो, द्या", मान ताठ. धाकटी गाणं म्हणून दाखवायची तर हातानं मांडीवर ताल धरायचे, मान ताठ. डोकं दुखायचं, मानेची शीर आखडायची. डॉक्टर म्हणाले, मान मोकळी सोडा. ते हसले आणि म्हणाले, डॉक्टर, तेवढं सोडून काहीही सांगा.

एकदा मी चिडून त्यांना म्हटलं, अहो, विसरा आता. माणसाला एवढं धरून बसायचं नसतं. ते म्हणाले, "बाई, मी धरलं नाही. मी त्या पेटीत बसलोय. जेव्हा कुणी लावील तेव्हा मी मान हलवीन. मी मेलो तरी हलवीन." मंडळी, मी त्यांना म्हटलं, नाटकी बोलू नका.

त्यांनी टीव्हीकेंद्राला किती वेळा लिहिलं ते मी मोजलं नाही. एकदा उत्तर आलं की कार्यक्रमाच्या वेळेच्या मर्यादेत संकलन करावं लागतं. एकदा आलं की संबंधित निर्मात्यांची बदली झाली आहे. मग यायचं बंद झालं. नागपूरला जाऊन बसून आले, तिथे सांगितलं, हे आमच्याकडे नाही, वरती आहे. वरती म्हणजे कुठे, ते कुणाला सांगता येईना. प्रश्नाचा तुकडा कुणी काढला? का काढला? भय्यासाहेबांनी कुणाला फोन केला होता का? मला माहीत नाही. मी अंदाज करत नाही. मी विचारतेय.

आता रविवार, साडेसात. सर जाऊन चार दिवस झाले होते. वेणू माझ्याकडे होती, मागच्या खोल्यांत तिला बसवेना म्हणून. धाकटीला गप्प करायला कुणीतरी टीव्ही लावला. आणि निवेदिका म्हणाली, भंडाऱ्याचे सुपुत्र, नामवंत शिक्षक, आमच्या पडद्यावर झळकलेले, यांना श्रद्धांजली. आणि त्यांनी तोच तुकडा लावला. इतर काही नव्हतं म्हणे त्यांच्याकडे सरांचं. गावानं राजीखुशीनं तलाव दिला. तुमचे वडीलही होते त्यात. आणि सरांनी मान हलवली.

धाकटी धावत पडद्याकडे गेली. बाबा, म्हणाली.

यापुढचं मी सांगत नाही.

त्यांच्या गावातही ते दिसलं. ओसरीवर. सुतक असलेल्या घराला शेजारच्यांनी येऊन सांगितलं की तुमचा पोरगा परत हो म्हणाला.

आणि आज, तासाभरापूर्वी, या व्यासपीठावरून भय्यासाहेबांनी सरांच्या फोटोला हार घातला आणि म्हणाले, दिघोरे मास्तर माझ्या शब्दाबाहेर नव्हते, टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. निवडणूक येतेय. भय्यासाहेबांना पुन्हा उभं राहायचंय. मेलेल्या माणसाची मान त्यांना उपयोगी आहे. ती बिचारी कधीच नाही म्हणणार नाही.

नाही, मुख्याध्यापक, मी थांबणार नाही. तुम्ही घंटी वाजवा, मी घंटी तीस वर्षं ऐकत आलेय.

भय्यासाहेब, मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारते. सरांनी तुम्हाला त्या दिवशी प्रश्न विचारला होता की नाही? माझ्या खोलीत. तुम्ही माझ्या हातचं पाणी प्यायलात. हो की नाही?

काय? मोठ्यानं सांगा.

"मले आठवत नाही."

ठीक आहे. मागे ऐकू गेलं का? भय्यासाहेब म्हणतात, मला आठवत नाही. विचारला नाही, असं ते म्हणाले नाहीत. बरोबर? नाही विचारला, असं म्हणा ना, सोपं आहे. म्हणत नाहीत.

सोमाजी, तुम्ही उभे का राहिलात? बसा, तुम्हाला त्रास होईल. बोलायचंय? बोला. सगळे गप्प राहा जरा.

मंडळी, सोमाजींचा आवाज मागे पोचला नसेल. ते म्हणाले, "त्याले आठवते." भय्यासाहेबांकडे बोट करून म्हणाले. "त्याच्या तोंडावरून दिसते मले. बाई, माह्या पोरानं काय विचारलं होतं?"

सोमाजी, सांगते. दोन वर्षं हेच सांगायचं होतं, तुम्ही ऐकून घेतलं नाही, आणि तुमचीही चूक नाही. तुमच्या नामदेवानं विचारलं, "भय्यासाहेब, माझे वडील त्या रात्री चौकीत होते. सकाळी मीच त्यांना घरी आणलं. त्यांच्या पायाला सूज होती, खांद्यावर घेऊन आणलं. मग हार घेऊन तुमच्या बंगल्यावर कोण आलं होतं?"

हाच प्रश्न होता. शब्द न् शब्द. माझ्यासमोर. भय्यासाहेबांसमोर. आणि त्या कॅमेऱ्यासमोर.

सोमाजींना पाणी द्या. वेणू, तू बस, मी आहे. हो, सोमाजी. हो. काय म्हणता?

मंडळी, सोमाजी म्हणतात, बाई, तुमचं खरं मानलं. पण मले तुमच्या तोंडून नाही, पोराच्या तोंडून आयकाचा हाय.

बरोबर आहे. त्यांनी दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं धरलं. आता त्यांना कानांनी ऐकायचंय. माझ्या शब्दावर का भागवायचं? ते बोलणं टिपलेलं आहे. सरांची पाठ आहे, आवाज आहे, समोर भय्यासाहेबांचा चेहरा आहे, रुमाल आहे. जो तुकडा कापला तो कुठेतरी डब्यात आहे, किंवा कुणीतरी फेकला आहे. असेल तर दाखवा. फेकला असेल तर कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, हे सांगा. यात मी भरपाई मागत नाही, माफी मागत नाही. माफी तुम्ही छान छापून पाठवाल आणि उद्या पुन्हा तोच तुकडा लावाल. मला सरांचा प्रश्न हवाय. जिथे मान दाखवलीत तिथेच, त्याच दिवशी, त्याच वेळी, त्या गावच्या ओसरीवर ऐकू जाईल असा. आणि त्याच्याआधी तुमच्या निवेदिकेनं एक वाक्य बोलायचं: मान हलवतानाचं चित्र पाहुणे निघून गेल्यावर घेतलं होतं. ते खरं आहे. खरं बोलायला वेळेची मर्यादा आड येऊ नये.

तिसऱ्या रांगेत टीव्हीकेंद्राचे अधिकारी बसले आहेत. पुष्पचक्र घेऊन आलात, आभार. तुम्ही स्वतः काही केलं नसेल. तुकडा कापला ते तुम्ही केंद्रावर बदलून यायच्या आधीचं असेल. पण आज या सगळ्यात नाव आणि पद असलेले तुम्हीच आहात, म्हणून तुमच्याशीच बोलावं लागतं. आत्तापासून तुम्हाला हे माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

आता आपण उभे राहू. दोन मिनिटं. ज्यांनी त्यांना वर्गात हिणवलं त्यांनीही उभं राहावं, ज्यांनी वाटा बंद केला त्यांनीही. मी कुणाला बाहेर काढत नाही. भय्यासाहेब, तुम्ही राहायचं की जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. गाडी दारात आहे.

थांबा, एक राहिलं, मग उभे राहू. अधिकारी महाशय, सभा संपल्यावर तुम्ही म्हणाल, मी वरती कळवतो. कळवा. पण तोंडी निरोप मला चालणार नाही, फोनही चालणार नाही. प्रश्नाचा तो भाग तुमच्याकडे आहे की नाही, आणि असेल तर तो कोणत्या दिवशी दाखवणार, हे केंद्राच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी, सोमाजी दिघोरे यांच्या नावानं, येत्या शनिवारी पंचवीस तारखेला संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या घरी पोचलं पाहिजे.